समुद्रस्नानासाठी बेट निवडताना

परदेशगमन ही आपल्या संघाच्या सभासदांत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी माल पाहण्यासाठी अथवा यंत्रांच्या प्रदर्शनासाठी कर्ता पुरुष एकटाच जाई. आता मुलाबाळांसह व वडीलधाऱ्यांसह कुटुंबे सुटी घालवण्यासाठी निघतात, आणि दक्षिण युरोपातील एखाद्या उन्हाच्या बेटावर आठवडाभर राहावे अशी हौस त्यांत विशेष आढळते. हे बेट निवडावे कसे, याविषयी काही लिहावे अशी सूचना आली तेव्हा अनुभवाने पोळलेला मनुष्य म्हणून ते काम मी पत्करले. पोळलेला म्हणण्यापेक्षा गारठलेला म्हणणे अधिक खरे होईल.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरची सात माणसे ग्रीस देशाच्या क्रीट बेटावर गेलो. प्रवासाची व्यवस्था करणाऱ्या गृहस्थांनी दाखवलेल्या चित्रांत निळेशार पाणी व लख्ख ऊन होते, आणि दर ऐन हंगामाच्या निम्मा होता. चित्रांत खोटे काहीच नव्हते. ऊन होते, पाणीही निळे होते. परंतु त्या पाण्यात पाऊल घालताच आमच्या मातोश्री मागे सरल्या त्या पुन्हा किनाऱ्याकडे गेल्या नाहीत. मुले स्वेटर घालून वाळूत किल्ले बांधीत बसली. किनाऱ्यावरील निम्म्याहून अधिक उपाहारगृहे हंगाम सुरू व्हावयाचा म्हणून बंद होती. दर निम्मा का होता, ते तेव्हा ध्यानात आले. मातोश्रींनी गोव्याचा समुद्र लहानपणापासून पाहिलेला. समुद्राचे पाणी थंड असू शकते ही गोष्टच त्यांना ठाऊक नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही नव्हती.

आपल्याकडील माणसाची चूक होते ती येथेच. गोव्याचा समुद्र बारा महिने सुमारे २७ ते ३० अंश सेल्सियस उष्ण असतो, म्हणून पाण्याच्या उष्णतेचा विचारच आपण करीत नाही. भूमध्य समुद्राचे तसे नाही. हवा तापते त्या मानाने पाणी फार सावकाश तापते, आणि निवतेही सावकाश. त्यामुळे तेथील समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत थंड व ऑगस्टमध्ये सर्वांत उष्ण असतो. क्रीटच्या किनाऱ्यावर मे महिन्याची हवा आणि ऑक्टोबरची हवा यांत फारसे अंतर नसते. पाणी मात्र मेमध्ये १९-२० अंश, तर ऑक्टोबरमध्ये २३-२४ अंश असते. चार अंशांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पाण्यात उतरल्यावर, अर्धा तास सुखाने पोहणे आणि दोन मिनिटांत ओरडत बाहेर येणे, एवढा तो असतो. पूर्वेकडील सायप्रस बेटाचे पाणी याहूनही उबदार. ऑक्टोबरात तेथे २५ अंशांच्या आसपास, आणि नोव्हेंबरातही २२-२३ अंश राहते.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रथम महिना ठरवावा, मग बेट. आपल्या सुट्या पेढीच्या व शाळेच्या सोयीने ठरतात. त्या पुढेमागे करणे आपल्या हाती नसते. सुटी ठरली की तिला साजेसे बेट शोधणे एवढेच उरते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिचे चित्र काढता येत नाही, म्हणूनच ती फसवते. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा कोरडा वारा कधी कधी दिवसचे दिवस वाहतो. आकाश निरभ्र, ऊन कडक, आणि क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर लाटा अशा की लहान मुलास पाण्यात सोडू नये. अशा वेळी दक्षिण किनाऱ्यावरील काही खाड्या शांत असतात. मात्र डोंगरातील घळींतून वारा झोताने खाली उतरतो, हेही लक्षात ठेवावे. बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आणि मध्ये दोन हजार मीटरांहून उंच डोंगर. तेव्हा ‘क्रीटला जातो’ एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या बाजूस जातो ते सांगावे लागते.

बाजूचे हे महत्त्व पाहावयाचे तर स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटे पाहावीत. ही भूमध्य समुद्रात नाहीत. ती अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर, जवळजवळ आपल्या दिल्लीच्याच अक्षांशावर आहेत. त्यांतील टेनेरीफ बेटाच्या मध्यावर टेइडे हा ज्वालामुखी पर्वत ३७१५ मीटर उंच उभा आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे (हे नाव आपणा व्यापाऱ्यांस आवडण्यासारखे आहे!) दमट हवा आणून उत्तर उतारावर ढगांचा थर साठवतात, दक्षिण बाजू कोरडी व उन्हाची राहते. आंबोलीस पाऊस कोसळत असता विजापूरकडे धूळ उडत असते, तोच हा प्रकार. फक्त तेथे ते अंतर मोटारीने तास-दीड तासाचे आहे. उत्तरेकडील पोर्तो दे ला क्रुस हिरवेगार व सुंदर गाव आहे, पण ज्यास उन्हात पडून राहावयाचे आहे त्याने दक्षिणेकडील लोस क्रिस्तियानोसच्या बाजूस उतरावे. शेजारच्या फुएर्तेवेंतुरा बेटावर सोनेरी वाळूचे लांबलचक किनारे आहेत, परंतु वारा इतका की शिडाच्या फळीवर उभे राहून लाटा कापणारे लोक मुद्दाम तेथे येतात. वडीलधाऱ्यांसाठी ते बेट मी सुचवणार नाही.

वाळू हा तिसरा विषय. टेनेरीफची मूळ वाळू ज्वालामुखीची, म्हणून काळी. राजधानी सांता क्रूझजवळील लास तेरेसितास येथे मात्र पिवळी पुळण दिसते. ती १९७३ मध्ये सहारातून जहाजांनी आणून पसरलेली आहे. पाहुण्यांना पिवळी वाळू हवी म्हणून समुद्रापलीकडून वाळू आयात करणारे हे लोक खरे व्यापारी म्हटले पाहिजेत. पोर्तुगालचे मदेरा बेट फुलांसाठी व डोंगरवाटांसाठी प्रसिद्ध आहे, पण तेथे नैसर्गिक पुळण जवळजवळ नाही. ती हवी तर शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर जावे, तेथे ती ९ किलोमीटर आहे. माल्टाचा किनाराही बहुतांशी खडकाळ. तेथील इतिहास थोर आणि इंग्रजी सर्वत्र चालते, परंतु वाळूसाठी उत्तरेकडील मेल्लीहासारख्या मोजक्या खाड्यांकडे जावे लागते, आणि उन्हाळ्यात तेथे फार गर्दी होते. क्रीटच्या नैर्ऋत्य टोकाशी एलाफोनिसी येथे उथळ पाणी व शिंपल्यांच्या चुऱ्याने गुलाबी झाक आलेली वाळू आहे. लहान मुलांसाठी याहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही. ती वाळू उचलून आणण्यास मनाई आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

कोकण-गोव्याच्या माणसास आणखी एक गोष्ट चमत्कारिक वाटेल: भूमध्य समुद्रास भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. सकाळी जेथे चटई टाकली तेथे सायंकाळीही पाणी पोहोचत नाही. कॅनरी बेटांवर मात्र महासागर आहे; भरती आहे, लाटांना ओढ आहे. तेथे किनाऱ्यावरील निशाण पाहूनच पाण्यात उतरावे. हिरवे असेल तर पोहण्यास हरकत नाही, पिवळे असेल तर जपून, तांबडे असेल तर उतरू नये. निळे निशाण पाहून काहीजण निर्धास्त होतात. ते स्वच्छता व सोयी यांबद्दल दिलेले मानचिन्ह आहे, त्या दिवशीच्या लाटांशी त्याचा संबंध नाही.

कॅनरी बेटांकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे असे आणखी एक कारण आहे. १८५२ मध्ये स्पेनने तेथील बंदरे जकातमुक्त केली, आणि पुढे कोळशासाठी थांबणाऱ्या आगबोटींच्या मार्गाने सिंधी व्यापारी तेथे पोहोचले. लास पाल्मास व सांता क्रूझ येथे त्यांच्या पेढ्या पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. माल्टातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिंधी दुकाने आहेत. सुटीवर गेलेल्या व्यापाऱ्याने एखादी दुपार त्या बाजारात घालवली तर घरच्यांनी रागावू नये.

आता आपल्या सुट्यांचा हिशेब मांडू. मे महिन्यातच जावयाचे असेल तर महिन्याच्या अखेरीस सायप्रस किंवा क्रीट, आणि पाणी गारच लागेल हे गृहीत धरून. दिवाळीच्या सुटीत सायप्रस मला सर्वांत श्रेयस्कर वाटते. दिवाळी लवकर आली तर क्रीटही चालेल, पण नोव्हेंबरात तेथे पाऊस सुरू होतो व हॉटेले मिटू लागतात. डिसेंबर-जानेवारीत कॅनरी बेटांखेरीज दुसरे नावच घेऊ नये. तेथेही पाणी १९-२० अंशच असते, पण दिवसा हवा सुखद असते. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातील शाळांना सुटी असल्याने दर चढे, तेव्हा ते महिने त्यांचे त्यांना सोडावेत.

परवान्याविषयी थोडक्यात. ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल व माल्टा यांना शेंगेन व्हिसा चालतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो. सायप्रस २००४ मध्ये युरोपीय संघात आला, पण शेंगेन व्यवस्थेत तेव्हा आला नाही. म्हणून तेथील त्या वर्षीचा नियम तिकीट काढण्यापूर्वी पाहावा.

राहिला प्रश्न भोजनाचा, आणि आपल्या घरांत बेट कोणते हे पुष्कळदा त्यावरच ठरते. ग्रीस व सायप्रस येथील लोक धार्मिक उपवासाच्या काळात मांस, अंडी व दूध वर्ज्य करतात, आणि अशा अन्नास ‘निस्तीसिमो’ म्हणतात. हा एक शब्द पाठ केला तर निम्मे काम होते. निम्मेच, कारण त्या उपवासात शिंपले व माकूळ चालतात, तेव्हा त्याविषयी स्वतंत्रपणे विचारावे. उकडलेला रानभाजीपाला, वर ऑलिव्हचे तेल व लिंबू, यास तेथे ‘होर्ता’ म्हणतात. कंदमुळे वर्ज्य करणाऱ्यांना हे उत्तम. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भातात बहुधा कांदा असतो, आणि मिठायांत मध. कॅनरी बेटांवर मात्र पानात प्रथम येतात ते मिठात उकडलेले बटाटे व लसणाची चटणी.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी घड्याळाचाही विचार करावा. जूनअखेर क्रीटमध्ये सूर्य साडेआठनंतर मावळतो, त्यामुळे सायंकाळचे भोजन सहज साधते. नोव्हेंबरच्या आरंभी सायप्रसमध्ये तो पाचच्या आतच मावळतो, आणि त्या वेळी उपाहारगृहांच्या चुली पेटलेल्याही नसतात. दिवाळीत जाणाऱ्यांनी म्हणूनच स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड घ्यावे. तांदूळ, डाळी व पीठ तेथील दुकानांत मिळते. मसाले घरून न्यावेत. तूप, पेढे वगैरे दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नयेत, युरोपीय संघात बाहेरून ते आणण्यास प्रवाशांना बंदी आहे. आमच्या सौभाग्यवतींनी तेथेच बिनमिठाचे लोणी घेऊन पहिल्याच सायंकाळी तूप कढवले, आणि त्या वासाने शेजारच्या बिऱ्हाडातील जर्मन जोडपे विचारपूस करीत दाराशी आले.