जंगल राखायचं कोणी? मेंढा-लेखा गावाचं उत्तर

तुमच्या दारातलं झाड तोडायचं की राखायचं, हे कोणी ठरवावं? दूर शहरात बसलेल्या साहेबांनी, की रोज त्याच्या सावलीत बसणाऱ्या तुम्ही? गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे छोटंसं गोंड आदिवासी गाव कित्येक वर्षं हाच प्रश्न विचारत होतं.

गावाची घोषणा तुम्ही कदाचित ऐकली असेल: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार!’ इथे ग्रामसभेत बहुमताने नाही, तर सर्वांच्या सहमतीने निर्णय होतो. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. वेळ लागतो, पण ठरलेला नियम मग प्रत्येकाला आपला वाटतो.

हक्क मिळाला, पण...

२००६ च्या वनहक्क कायद्यामुळे २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण खरी अडचण पुढेच होती. नव्या कायद्यात बांबू हे तेंदूपानासारखं गौण वनोपज, तर १९२७ च्या वन कायद्यात तो झाडांमध्ये मोजलेला! वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती. परवाना नसेल तर तोडलेला बांबू विकणार कसा?

गाव मागे हटलं नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

हक्क म्हणजे मोकळं रान नव्हे

आता तुम्ही म्हणाल, ‘हक्क मिळाला की लोक जंगल साफ करतील!’ पण बांबूचं गणित जाणणारा माणूस असं करत नाही. बांबू बेटाने वाढतो. पावसाळ्यात जमिनीतून नवे कोंब येतात. ते कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, आणि एक-दोन वर्षांचे बांबू राखून फक्त जून बांबू काढले, तर तेच बेट वर्षानुवर्षं देत राहतं. सगळंच एकदम कापलं तर बेट खचतं आणि पुढच्या हंगामात हात रिकामे राहतात. ज्याला उद्याही इथेच राहायचं आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आणखी एक गोष्ट: वनहक्क कायद्याच्या गौण वनोपजात लाकूड येत नाही. म्हणजे सागवान तोडून विकण्याची मुभा या हक्कातून मिळत नाही.

आणि तुम्ही?

तुम्ही शहरात राहत असाल, तर झाड तोडण्याआधी परवानगी लागते का, हे एकदा महापालिकेत विचारा. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी तर १९७५ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदाच आहे. आणि गावाकडे घर असेल, तर पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारून ठेवा. सुट्टीत गेलात की जाऊन बसा. मेंढ्याच्या लोकांनीही सुरुवात अशीच केली, एकत्र बसून!