कमळगडावरून दिसणारी पोकळी

वाईहून धोम धरणाच्या पाण्याला वळसा घालून पुढे गेले की कृष्णा आणि वाळकी या दोन नद्यांच्या मधोमध पुढे आलेली डोंगराची लांब सोंड दिसते. कमळगड त्या सोंडेवर आहे. उंची सुमारे १,३७० मीटर. फाल्गुन-चैत्रात नांदगण्याहून किंवा वासोळ्याहून पहाटेच चढायला लागावे. उन्हाचा त्रास वाचतोच, शिवाय आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. खालच्या वाड्यांमधल्या चुलींचा धूर थोडा वर चढतो, एका ठरावीक उंचीवर अडतो आणि आडवा पसरत जातो. निरभ्र रात्री डोंगरउतार लवकर निवतात. त्यांना लागून असलेली हवा गार आणि जड होऊन घरंगळत दरीत साठते, तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. गार धुराला तो थर ओलांडता येत नाही. ऊन वर आले, उतार तापले, की हे झाकण मोडते आणि दरीतली धूळ-धूर आपल्याबरोबर डोंगर चढू लागतात. दूरचे डोंगर नीट पाहायचे तर त्याआधी माथा गाठावा.

वाटेवर पांगारा आणि काटेसावर एकही पान नसताना लालभडक फुललेले असतात. पाऊस थांबून चार-पाच महिने झाले, मग या फुलांना पाणी कुठून मिळते? झाडाचे बहुतेक पाणी पानांवाटे उडून जाते. पाने गळली की ती गळती थांबते, आणि खोल गेलेल्या मुळांनी ओढलेले पाणी या झाडांच्या मऊ, हलक्या लाकडात साठते. कळ्या त्यावर उमलतात. पाने आड येत नसल्याने मैना-बुलबुलांना फुले लांबूनच दिसतात, आणि मध पिता पिता परागकण या झाडावरून त्या झाडावर पोचतात. वर गोरखनाथाच्या मंदिराकडे जाणाऱ्या रानात मात्र चित्र बदलते. तिथे जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट सावली आहे. अंजनीच्या काळपट फांद्यांना बिलगलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस मला तरी साऱ्या वसंतात सर्वांत देखणे वाटतात.

माथ्यावर पोचल्यावर नजर पाण्याकडेच जाते, आणि ते साहजिक आहे. पण थोडा वेळ पाण्यावरची रिकामी जागा पाहावी. समोर पाचगणीचे सपाट पठार, पलीकडे महाबळेश्वर, पाठीमागे रायरेश्वर आणि केंजळगड. यांच्या कड्यांवरच्या आडव्या रेषा दरी ओलांडून एकमेकींना जुळतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे लोटावर लोट पसरले. त्यातल्या घट्ट कातळाचे उभे कडे झाले, वरच्या सच्छिद्र, भुसभुशीत भागाचे उतार आणि माच्या झाल्या. हे थर सलग होते. म्हणजे आज जिथे दरी आहे, तिथेही कातळच होता. धोमच्या पाण्यापासून गडमाथ्यापर्यंतचे साधारण सहाशे मीटर नदीने आणि तिच्या ओढ्यांनी कोरून वाहून नेले आहेत. वाईकरांना कदाचित ठाऊक नसेल, पण दख्खनच्या या वरच्या थरांना जगभरचे भूशास्त्रज्ञ ‘वाई उपगट’ म्हणतात. डायनासोरांच्या अंताची चर्चा निघाली की हे नाव येतेच, कारण हे लोट त्याच सुमारास वाहत होते.

कृष्णेची दिशाही विचार करायला लावते. महाबळेश्वरातल्या तिच्या उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरवर, तरी ती पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. भारताचा पश्चिम किनारा तुटून वेगळा झाला, तेव्हा त्याची कड उचललेली राहिली आणि पठार पूर्वेला कलले. त्याच महाबळेश्वरातून निघालेली सावित्री मात्र कड्यावरून थेट कोकणात उतरते. तिचा उतार तीव्र, म्हणून कापण्याची ताकद मोठी. अशा कोकणी नद्या आपापल्या उगमाकडे कातळ पोखरत घाटाची कड हळूहळू पूर्वेला सरकवत आहेत.

बालेकिल्ल्यात कावेची विहीर आहे. पन्नासेक पायऱ्या उतरताना गारवा वाढत जातो आणि चारही बाजूंच्या भिंती तांबड्या होतात. हात लावला की बोटे रंगतात. काळ्या कातळात लोह असतेच. ऊन-पावसाने कातळ कुजतो, चुना, मॅग्नेशियम, सिलिका पाण्याबरोबर निघून जातात, आणि मागे राहिलेले लोह हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून तांबडे होते. पाचगणीच्या पठारावरचा जांभाही असाच तयार झाला. नदी कातळ फोडून नेते, तर इथे पाणी तो आतून रिकामा करते.

ही झीज फार सावकाश चालते. ती वेगाने होताना पाहायची असेल, तर याच दिवसांत शेजारच्या उतारांवर उठणारे काळे पट्टे पाहावेत. ते वणव्यांचे आहेत. नवे गवत चांगले फुटते या समजुतीने आग लावली जाते, आणि त्यात हिरड्या-जांभळांची कोवळी रोपेही जळतात. वाळलेले गवत आणि पाचोळा पावसाच्या पहिल्या थेंबांचा मार झेलत असतात. ते आच्छादन गेले की जूनच्या सरी उघड्या मातीवर पडतात. पूर्वी अशी माती कृष्णेबरोबर दूरच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत जायची. आता तिचा बराचसा भाग धोमच्या तळाशी बसतो, आणि वाईच्या शेतांना पुरणाऱ्या पाण्याची जागा तेवढी कमी होते.