शेगडीचा बिघाड : घरी काय करावे, काय करू नये

आरोग्याच्या पानावर शेगडीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत स्वयंपाक, झोपणे आणि मुलांचा अभ्यास एकाच ठिकाणी चालतो. तिथे शेगडी बिघडली की त्रास सगळ्या घराला होतो. म्हणून पुढची माहिती घरातल्या बायांइतकीच पुरुषांनीही वाचावी.

जाळ पिवळा, भांडी काळी

चांगला जाळ निळा असतो. तो पिवळा दिसू लागला आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही, तो अर्धवट जळतो, असे समजा. यात गॅस वाया जातोच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते आणि आपण पित्ताची गोळी घेतो. खोलीतल्या सगळ्यांना एकदम असा त्रास होत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटत असेल, तर संशय शेगडीवर घ्या. कुणाला गुंगी आली तर लगेच बाहेर काढा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना शेगडीबद्दल सांगा. स्वयंपाक करताना दार-खिडकी उघडी ठेवा.

घरचा उपाय सोपा आहे. रेग्युलेटर बंद करून शेगडी थंड होऊ द्या. बर्नर काढून साबणाच्या गरम पाण्याने घासा, भोके टाचणीने मोकळी करा, पूर्ण वाळवा आणि नीट बसवा. जाळ एकाच बाजूने येणे किंवा पेटवताना भक्क आवाज होणे, हेसुद्धा बऱ्याचदा बर्नर तुंबल्यामुळे किंवा वाकडा बसल्यामुळे होते. मिठाचे पाणी उतू गेले तर जाळ थोडा वेळ पिवळा होतो. त्याची काळजी नको. बर्नर साफ करूनही जाळ पिवळाच राहिला, तर मेकॅनिकला बोलवा. आतल्या जेटमध्ये स्वतः टाचणी घालू नका. त्याचे भोक मोठे झाले तर गॅस जास्त येतो.

बटण घट्ट फिरत असेल तर त्यात गोडे तेल सोडू नका, पक्कडही लावू नका. तेही मेकॅनिकचेच काम आहे.

गॅसचा वास आला तर

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि उंबरठा ओलांडून शेजारच्या खोलीतही जातो. म्हणून वास येताच :

१. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती, अगरबत्तीही विझवा.
२. दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालू करू नका, चालू असेल तर बंदही करू नका. ठिणगी पडते.
३. दार-खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या, शेजाऱ्यांना सांगा.
४. बाहेर जाऊन १९०६ या नंबरवर फोन करा. हा गॅसगळतीसाठीचा चोवीस तास चालणारा नंबर आहे.

गळती कुठे आहे हे काडी ओढून कधीही पाहू नका. शंका असेल तर नळीच्या जोडावर आणि रेग्युलेटरपाशी साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. नवीन सिलिंडर आणून देणाऱ्यासमोरच ही तपासणी करून घ्या. रेग्युलेटर लावताना फसफस आवाज आला, तर आतले वायसर खराब असू शकते. सुतळी किंवा चिंधी गुंडाळून काम भागवू नका, सिलिंडर बदलून मागा.

नळीचा खर्च चैनीचा नाही

आयएसआय शिक्क्याची केशरी सुरक्षा नळी वापरा आणि पाच वर्षांनी बदला. चीर दिसली, उंदराने कुरतडली, तर त्याच दिवशी बदला. सिलिंडर उभाच ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचीवर. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून घेऊ नका. भाड्याने राहणाऱ्यांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर, कंपनीचा पाच किलोचा सिलिंडर मिळतो.

भाजले तर

भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बांगड्या, अंगठी लगेच काढा. वॉर्डात नर्स असताना टूथपेस्ट, हळद, शाई लावून आणलेले कितीतरी रुग्ण मी पाहिले. ते सगळे जखमेवरून धुऊन काढावे लागते आणि त्या वेदना वेगळ्याच. काहीही लावू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखान्यात न्या.

गॅसमुळे अपघात झाला तर एजन्सीला लगेच लेखी कळवा आणि पोलिसांतही नोंद करा. अधिकृत कनेक्शन असलेल्या ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो, त्याचा वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही.

घरात भडका उडाला की ‘हिचंच लक्ष नव्हतं’ असे म्हटले जाते. पण कुजलेली नळी चार महिने तशीच लटकत होती, ती सगळ्या घराला दिसत होती. येत्या पौर्णिमेला विहारात महिला मंडळाने हा विषय घ्यावा. आणि त्याआधी आज संध्याकाळीच प्रत्येक घरातल्या कर्त्या पुरुषाने खाली वाकून आपली नळी एकदा बघावी.

जय भीम!