समजून घ्या : बोअरचे पाणी मचूळ, त्यावर गहू घ्यावा का? धोका पुढच्या कपाशीला

यवतमाळ : कपाशी निघाली, रब्बीत गहू घ्यायचा आहे आणि ओलितासाठी आहे ते बोअरचे मचूळ पाणी. गहू येईल का? बहुतेकदा येतो. नुकसान झालेच तर ते पुढच्या पावसाळ्यात दिसते, म्हणूनच ते लवकर लक्षात येत नाही.

पाण्यातील क्षार विद्युत वाहकतेवरून, म्हणजे 'ईसी'वरून मोजतात. एकक डेसीसायमन प्रति मीटर. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार 4 पर्यंत ईसीच्या पाण्यावर गव्हाचे उत्पादन घटत नाही. ज्वारीसाठी ही मर्यादा 4.5, मक्यासाठी मात्र फक्त 1.1. हरभरा तर याबाबत फारच नाजूक.

या आकड्यांमागची अट सहसा कुणी सांगत नाही. दिलेल्या पाण्यापैकी 15 ते 20 टक्के पाणी मुळांखाली निचरून गेले पाहिजे. रेताड जमिनीत ते सहज होते. आपल्या भारी काळ्या जमिनीत नाही.

हिशेब करून पाहा. ईसी 2 असलेल्या एक लिटर पाण्यात साधारण 1.3 ग्रॅम क्षार असतात. गव्हाला 6 सेंटिमीटरच्या पाच पाळ्या दिल्या, तर एकरी 12 लाख लिटर पाणी लागते. म्हणजे एका हंगामात एकरी सुमारे दीड टन क्षार! पाणी उडून जाते, क्षार राहतात.

त्यात सोडियम जास्त असेल तर खरी अडचण. पावसाळ्यात बाकीचे क्षार धुऊन जातात, पण मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम तिथेच राहतो. मग चिकणमाती फुटते, छिद्रे बुजतात, पाणी वर साचते आणि जमीन चोपण होते. कपाशी, सोयाबीन पिवळे पडते ते इथे.

हे पाहायला लांब जायला नको. अमरावती, अकोला, बुलढाण्यात पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे. विहिरीत पाणी असूनही तिथे अनेकांची शेती कोरडवाहूच राहिली. पोकरा प्रकल्पात या पट्ट्यातील गावांचा स्वतंत्र समावेश झाला. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरायचे आणि तुषारने एखाद-दुसरी संरक्षित पाळी द्यायची, हा तिथला मार्ग.

यवतमाळात गोडे आणि मचूळ असे दोन्ही पाणी असेल, तर गोडे पाणी पेरणीला आणि 18 ते 21 दिवसांच्या पहिल्या पाळीला राखून ठेवावे. उगवण आणि मुकुटमुळे फुटणे या काळात गहू क्षारांना सर्वांत हळवा असतो. मचूळ पाणी नंतर. तुषारने ते दिल्यास पाने करपू शकतात. दुपारच्या उन्हात तर नकोच.

त्याआधी पाणी तपासून घ्यावे. पंप काही वेळ चालवून, त्याच पाण्याने विसळलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत नमुना घ्यावा आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी प्रयोगशाळेत चौकशी करावी. अहवालात फक्त ईसी पाहू नये. 'एसएआर' म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, आणि 'आरएससी' म्हणजे उरलेला कार्बोनेट. हे दोन आकडे जास्त महत्त्वाचे. जिप्सम लागेल का, किती लागेल, हे त्यावरूनच ठरते. दुकानदाराच्या अंदाजावर जिप्सम टाकू नये.

ही तपासणी पिकापुरती आहे. जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आढळले आहे. तेच पाणी घरात पिण्यासाठी वापरत असाल, तर त्याची तपासणी वेगळी करावी लागते.