संगणक भंगारात देण्यापूर्वी

संगणक कक्षातील एखादे यंत्र बटण दाबूनही जागे झाले नाही, की ‘सीपीयू गेला’ असा निर्णय ताबडतोब दिला जातो. मग ते यंत्र कोपऱ्यात जाते आणि वर्ष-दोन वर्षांत भंगारवाल्याच्या हातगाडीवर. वस्तुतः अशा पुष्कळ यंत्रांत मदरबोर्ड, प्रोसेसर व हार्ड डिस्क सुस्थितीत असतात. निकामी झालेला असतो तो मागच्या बाजूचा पंखा असलेला पत्र्याचा डबा, म्हणजेच एसएमपीएस. निवासी शाळेत या गोष्टीचे मोल अधिक आहे. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी ज्या मुलाला शाळेतील यंत्राखेरीज दुसरे साधन नाही, त्याच्या दृष्टीने एक बंद संगणक म्हणजे रांगेतील आणखी काही तास होत.

एसएमपीएसचे काम समजून घेतले, की बदलण्याची रीत आपोआप उलगडते. भिंतीतून येणारी वीज 230 व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. संगणकाला लागते ती 12, 5 आणि 3.3 व्होल्टची एकदिश वीज. हा डबा आलेल्या विजेचे प्रथम सुमारे 325 व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो, ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून उतरवून घेतो. त्यातील मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भार धरून ठेवतात. म्हणून संगणकाचे कॅबिनेट उघडावे. एसएमपीएसचा डबा मात्र कदापि उघडू नये. हा नियम मुलांना सर्वप्रथम सांगावा.

आपल्याकडे हा भाग लवकर का जातो? मलकापूर, नांदुरा, खामगाव या पूर्णेच्या खोऱ्यातील उन्हाळा कडक आणि कापसाची तूस हवेत तरंगणारी. ती पंख्यात साचली, की आतील उष्णता बाहेर पडत नाही. त्यात कमी-जास्त होणारा दाब आणि मृगाच्या आधीच्या विजा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगही दुबळे होते. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतणे हा साधा उपाय बहुतेक ठिकाणी विसरला जातो.

नवा डबा घेण्यापूर्वी दोष खरोखर तिथेच आहे ना, हे पाहावे. चालू संगणकातील तशाच जोडणीचा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे ही सर्वांत विश्वसनीय कसोटी. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6 आणि लाल तारेवर 4.75 ते 5.25 व्होल्ट यायला हवेत. हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवून दाखवण्याची दुकानातील रीत अपुरी आहे. पंखा फिरतो, एवढेच तिच्यावरून कळते.

खरेदीत डब्यावरील मोठ्या आकड्याला भुलू नये. ‘450 वॅट’ असे ठळक छापलेले असते आणि खालच्या तक्त्यात 12 व्होल्टपुढे 14 अँपिअर. गुणाकार केला तर 168 वॅट! आजच्या संगणकाचा मुख्य भार 12 व्होल्टवरच असतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या शालेय यंत्राला खरा 300 वॅटचा डबाही पुरतो. काही कंपन्यांच्या तयार यंत्रांत डब्याचा आकार वा जोडणी निराळी असते. तेव्हा जुना डबा सोबत घेऊनच दुकानात जावे.

प्रत्यक्ष बदलताना प्लग भिंतीतून काढावा. ‘शट डाउन’ केले म्हणजे वीज तुटली, असे नाही. 1995 साली एटीएक्स मानक आले, तेव्हापासून यंत्र बंद असतानाही जांभळ्या तारेतून 5 व्होल्ट मदरबोर्डला मिळत राहतात. प्लग काढून समोरचे बटण काही सेकंद दाबावे, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी आणि तारांचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. मदरबोर्डचा 24 पिनांचा मोठा जोड, प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनांचा जोड आणि हार्ड डिस्कची चपटी साटा जोडणी सोडवावी. जोडाची कळ दाबून तो सरळ उपसावा, तार ओढू नये. मागचे चार स्क्रू काढले, की डबा आतून बाहेर येतो.

नवा बसवताना हाच क्रम उलटा. स्क्रूंची छिद्रे समान अंतरावर नसल्याने डबा उलटा बसण्याचा संभव कमी. प्रोसेसरचा 8 पिनांचा जोड आणि ग्राफिक्स कार्डचा जोड दिसायला सारखे असतात. जोर लावावा लागत असेल तर जागा चुकली आहे असे समजावे. तारा सुट्या होणाऱ्या डब्यात दुसऱ्या डब्याच्या तारा वापरू नयेत. टोके जुळली तरी आतला क्रम वेगळा असू शकतो. काही डब्यांच्या मागे 115 व 230 असे लाल बटण असते. ते 115 वर राहिले, तर नवा डबा पहिल्याच क्षणी जळतो.

पंखा फिरला पण पडद्यावर काही आले नाही, तर प्रोसेसरजवळचा जोड प्रथम तपासावा; तोच बहुधा राहून गेलेला असतो. त्यानंतर रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवावी.

जुना डबा तांब्यासाठी जाळू नये; त्या धुरात शिसे असते. ई-कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे तो नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जायला हवा. असे डबे एका पेटीत साठवून वर्षातून एकदा एकत्र पाठवणे शाळेला सहज जमण्यासारखे आहे.