ह्यांचे नाक, कुवेतची धूळ आणि गाजराचा हलवा



गेल्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या मैत्रिणींच्या एक गोष्ट लक्षात आली होती. दरवर्षी तिळगुळाबरोबर गाजराचा हलवा असतो, यंदा साबुदाण्याची खिचडी होती. दोघीतिघींनी विचारलेही, "काय गं, हलव्याला सुट्टी?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरे कारण आज सांगते. त्या दिवसांत आमच्या घरात गाजर आणायचीच बंदी होती.

आपल्यापैकी निम्म्या घरांत तरी कुणाचे ना कुणाचे नाक वाहत असते, म्हणून ही हकीकत लिहावीशी वाटली.

आमच्या ह्यांना कुवेतला येऊन आता एकोणीस वर्षे झाली. पहिली दोन वर्षे बरी गेली. तिसऱ्या वर्षापासून जे नाक चोंदले, ते चोंदलेलेच! सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, कपाळ आणि गाल जड, वास येत नाही, रात्री तोंडाने श्वास. गावी सासूबाई ह्याला 'पीनस' म्हणायच्या, इथे सगळे 'सायनस' म्हणतात. नाक मोकळे करणारे थेंब खिशात, वाफेचे भांडे स्वयंपाकघरात आणि डोकेदुखीच्या गोळ्या गाडीत, असा आमचा संसार.

मागच्या नोव्हेंबरच्या शेवटी ह्यांच्या ऑफिसातल्या एका स्नेह्यांनी नवा उपाय सांगितला. कॅनडातल्या एका गृहस्थांनी, जे डॉक्टर नाहीत, असे मत मांडले आहे की 'अ' जीवनसत्त्व हे जीवनसत्त्व नसून विषच आहे. ते शरीरात साठते आणि त्यातून त्वचेचे, पोटाचे, नाकाचे सगळे विकार होतात. तेव्हा 'अ' जीवनसत्त्व असलेले सगळे पदार्थ बंद करायचे आणि भात, घेवडा, मांस यांवर राहायचे.

पंधरा वर्षे औषधे करून कंटाळलेल्या माणसाला आणखी काय हवे! दुसऱ्या दिवशी फ्रिजवर यादी लागली. गाजर, लाल भोपळा, पालक, मेथी, शेपू, अळू, लाल सिमला मिरची, पपई, अंड्याचा बलक, दूध, लोणी, तूप, चीज बंद. कढीपत्तासुद्धा बंद! आणि यादीत सर्वांत शेवटी, जरा बारीक अक्षरात, आंबा. रत्नागिरीच्या माणसाने स्वतःच्या हाताने हापूसवर काट मारली, यावरून त्यांचा त्रास किती असेल ते समजा.

गुण आला की काय?

खोटे कशाला बोलू, जानेवारीपर्यंत ह्यांना खरोखरच बरे वाटू लागले. शिंका कमी झाल्या, डोकेदुखी तर जवळजवळ गेली. "बघ, मी म्हणत नव्हतो?" असे दिवसातून दोनदा ऐकावे लागे. मीही मनात म्हटले, चला, एकदाचा गुण आला.

पण ताटात पथ्य असले की घरातली पोरे बघत असतात. आमची मुलगी बारा वर्षांची. तिलाही बाबांसारखाच शिंकांचा त्रास. फेब्रुवारीत तिच्या शाळेचा डबा परत येऊ लागला. अंडे तसेच, पालकाचा पराठा तसाच. सकाळचे दूध बेसिनमध्ये ओतताना मी तिला पकडले तेव्हा ती म्हणाली, "आई, बाबांना विष आणि मला पौष्टिक, असं कसं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात मी दोघांनाही घेऊन डॉक्टरांकडे गेले. हे यायला तयार नव्हते. "मला बरं वाटतंय, कशाला जायचं?" म्हणाले. मी म्हटले, "अहो, तुमच्यासाठी नाही, पोरीसाठी चला."

डॉक्टरांनी मांडलेला हिशोब

डॉक्टरांनी ह्यांची चेष्टा केली नाही, हे मला फार आवडले. त्यांनी आधी विचारले, "पथ्य सुरू करण्यापूर्वी कोणकोणत्या गोळ्या घेत होतात?" ह्यांनी यादी सांगितली. एक मल्टिव्हिटॅमिन, एक चमचा कॉड लिव्हर ऑईल, आणि केस गळतात म्हणून मॉलमधून आणलेल्या केसांच्या गोळ्या. शिवाय दर शुक्रवारी सकाळी मित्रांबरोबर इजिप्शियन हॉटेलातली कलेजी आणि खुबुझ.

डॉक्टरांनी कागद घेतला आणि बेरीज केली. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर ५००० युनिट, केसांच्या गोळीवर ५०००, तेलाच्या एका चमच्यात साधारण ४५००. झाले १४,५०० युनिट, रोजचे! मोठ्या माणसाने 'अ' जीवनसत्त्वाच्या या तयार रूपाची जी वरची मर्यादा ओलांडू नये असे सांगितले जाते, ती आहे रोज १०,००० युनिट, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात गरज असते पुरुषाला ९०० आणि बाईला ७०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. आणि मेंढीच्या १०० ग्रॅम कलेजीत सुमारे ७००० मायक्रोग्रॅम असते!

डॉक्टर म्हणाले, "पथ्याबरोबर तुम्ही या गोळ्या, तेल आणि कलेजीही बंद केलीत ना? 'अ' जीवनसत्त्व दीर्घकाळ जास्त झालं तर डोकं दुखतं, ओठ आणि त्वचा कोरडी पडते, केससुद्धा गळतात. तेव्हा डोकेदुखी थांबली याचं श्रेय त्याला असू शकेल. पण ते गाजर सोडल्यामुळे नव्हे."

केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळीने केस गळू शकतात, हे ऐकून ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग त्यांनी समजावून सांगितले, ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. 'अ' जीवनसत्त्व दोन रूपांत मिळते. एक तयार रूप, जे कलेजी, माशांच्या यकृताचे तेल, अंडी, दूध, तूप आणि बहुतेक गोळ्यांत असते. दुसरे गाजर, पालक, भोपळा, आंबा यांतले कॅरोटीन. त्यातून शरीर आपल्या गरजेपुरते जीवनसत्त्व बनवते. गाजरे फार खाल्ली तर तळहात पिवळे दिसतील, पण विषबाधा होत नाही. तयार रूपाचे मात्र तसे नाही. जास्तीचे यकृतात साठत जाते. १९१२-१३ साली दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेत मॉसन आणि मर्ट्झ या दोघांवर आपल्याच गाडीची कुत्री मारून खाण्याची वेळ आली. त्यांची कातडी सोलवटून निघाली, केस गळले आणि मर्ट्झचा मृत्यू झाला. कुत्र्यांच्या यकृतातल्या 'अ' जीवनसत्त्वाने हे झाले असावे, असा तर्क पुढे शास्त्रज्ञांनी मांडला.

म्हणजे जास्त झाले तर वाईट, हे त्या कॅनडातल्या गृहस्थांचे अर्धे म्हणणे खरे. पण त्यावरून 'मुळीच नको' असे म्हणणे म्हणजे मीठ जास्त झाले म्हणून आमटी अळणी करणे. नाकाचा, घशाचा, श्वासनलिकेचा आतला ओलसर थर निरोगी राहण्यासाठीच हे जीवनसत्त्व लागते. कमी पडले की तो थर कोरडा आणि जाड होतो, जंतूंना वाट मिळते. ज्या नाकासाठी उपास करायचा, त्याच नाकाचे नुकसान! या आहाराने सायनस बरा होतो असा भक्कम पुरावाही नाही.

आणि डोळे? माझ्या लहानपणी गावच्या अंगणवाडीत पोरांना रांगेत उभे करून चमचाभर पिवळे औषध पाजायचे. ते 'अ' जीवनसत्त्वच. आपल्या देशात १९७० सालापासून ही मोहीम चालू आहे, कारण त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येत असे आणि कित्येकांची दृष्टी कायमची जात असे. ज्यासाठी सरकारने गावोगाव चमचे फिरवले, ते माझी पोर कुवेतमध्ये बेसिनमध्ये ओतत होती!

डॉक्टर म्हणाले, "मोठ्या माणसाच्या यकृतात काही महिन्यांचा साठा असतो, म्हणून सुरुवातीला काही बिघडल्यासारखं वाटत नाही. मुलांचा साठा कमी असतो. तिला आजपासून सगळं खायला द्या."

आपल्यात ज्या गरोदर आहेत त्यांच्यासाठी वेगळी सूचना. तयार 'अ' जीवनसत्त्व जास्त झाले तर गर्भाला अपाय होऊ शकतो. म्हणून कलेजी, कॉड लिव्हर ऑईल आणि स्वतःच्या मनाने आणलेल्या गोळ्या टाळा. भाज्या, फळे, दूध मात्र नेहमीसारखे घ्या.

मग शिंका का कमी झाल्या होत्या?

हा प्रश्न ह्यांनी विचारलाच. डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले. "पथ्य कधी सुरू केलंत? नोव्हेंबरच्या शेवटी. उन्हाळा संपताना आणि शरदात इथल्या वाळवंटी झुडपांचे पराग हवेत फार असतात. थंडी पडली की ते कमी होतात. तुम्ही पथ्य केलं नसतंत तरी जानेवारीत बरं वाटलं असतं. मागच्या वर्षी कसं होतं, आठवा."

घरी येऊन मी जुन्या डायऱ्या काढल्या. मला औषधांचा खर्च लिहून ठेवायची सवय आहे. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरला औषधे भरपूर, डिसेंबर-जानेवारीला जवळजवळ नाहीतच, पुन्हा एप्रिलपासून चढती! म्हणजे गुण ऋतूचा आणि श्रेय पथ्याला.

पुढे मे महिन्यात दोन दिवस 'तौज' झाला आणि एवढे पथ्य असून ह्यांचे नाक पुन्हा बंद. कुवेतच्या धुळीबद्दल तुम्हाला मी काय सांगू! मार्च २०११ मधली ती आभाळाला भिडलेली तांबडी भिंत जुन्या मंडळींना आठवत असेल. मे २०२२ मध्ये तर विमानतळावरची उड्डाणे थांबवावी लागली होती. त्या दिवशी, म्हणजे २३ मेला, आमच्या गॅलरीत बोटाने श्री काढता येईल एवढी धूळ होती.

मग मात्र हे निमूटपणे ॲलर्जीच्या तपासणीला गेले. (सबाह मेडिकल भागात अल-राशिद ॲलर्जी सेंटर आहे. आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये विचारून कुठे जायचे ते ठरवा.) हातावर थेंब टाकून सुईने किंचित टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठतात. तपासणीआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, ते आधी विचारून घ्या. ह्यांना गांधी उठल्या त्या साल्सोला या इथल्या खारट झुडपाच्या, घरातल्या धुळीतल्या किड्यांच्या, हरळीच्या आणि वेड्या बाभळीच्या! हो, आपल्या गावाकडच्या बांधावरची तीच वेडी बाभूळ. इथे हिरवळीसाठी लावलेली आहे. गाव सोडून आलो तरी बाभळीने पाठ सोडली नाही.

आता आमच्या घरी काय चालते

१. रोज नाक धुणे. आपली जुनी जलनेतीच. पाणी मात्र उकळून गार केलेले किंवा बाटलीतले डिस्टिल्ड. गच्चीवरच्या टाकीतले कोमट पाणी थेट नाकात कधीही घालू नका. न उकळलेल्या पाण्यातल्या अमिबाने मेंदूला संसर्ग होऊन माणसे दगावली आहेत. २५० मिली पाण्याला सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडे कमी मीठ.

२. डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे नियमित. त्याचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. आम्ही पूर्वी दोन दिवस मारून 'काही उपयोग नाही' म्हणून ठेवून द्यायचो.

३. नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या वर नाहीत. फार दिवस वापरले तर नाक उलट त्यामुळेच चोंदते. ह्यांच्या खिशातली बाटली गेली, हे सर्वांत अवघड काम होते!

४. ए.सी.ची जाळी दर पंधरा दिवसांनी धुणे. सेंट्रल ए.सी. असेल तर हारिसच्या मागे लागा, दोनदा सांगावे लागते.

५. झाडूऐवजी ओले फडके, गालिचा गुंडाळून ठेवला, उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात. बखूर आणि अगरबत्तीचा धूर बंद खोलीत नाही. देवापुढे निरांजन पुरते.

६. तौजच्या दिवशी खिडक्या बंद, बाहेर जावेच लागले तर मास्क, आल्यावर अंघोळ.

डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, खूप ताप किंवा मान आखडणे असे काही दिसले तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा.

ह्यांचा सायनस पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. या सप्टेंबरमध्येही शिंका आल्याच. पण रात्री झोप लागते, आणि परवा बऱ्याच वर्षांनी फोडणीचा वास आल्यावर हे स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "आज कढीपत्ता टाकलास वाटतं?"

मुलीने दूध पुन्हा सुरू केले आहे. फ्रिजवरची यादी तिनेच फाडली. आणि येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे गाजराचा हलवा नक्की आहे. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे!



– आपलीच एक मैत्रीण, सालमिया