पाय दाखवा, नाव सांगतो!

माशी म्हटली की आमच्या घरात आधी फडके उचलले जाते. परंतु कुंडीतल्या पानावर हिरव्या धातूसारखी चकाकणारी, लांब पायांची इवलीशी माशी दिसली, तर वाचकहो, हात आवरा. ती मऊ अंगाचे बारीक किडे टिपून खाते. डोलिकोपोडिडी हे तिच्या कुळाचे भारदस्त नाव. कुळात ७,००० हून अधिक जाती!

मला भुरळ घातली ती हवाई बेटांवरल्या तिच्या नातलगांनी. तिथल्या ओल्या डोंगरी रानांत कॅम्प्सिक्नेमस या एकाच प्रजातीच्या १५० हून अधिक जाती आहेत. काही पाण्यावर घसरतात, काही पाचोळ्यात राहतात. हार्डी व कोन या अभ्यासकांनी १९६४ साली त्यांची तपशीलवार मांडणी केली.

जात ओळखायची कशी? नराच्या पायांवरून! कुठे मधल्या पायाला बाक, कुठे काट्यांची रांग, कुठे केसांचा झुबका. हे सारे मादीला रिझवण्यासाठी. म्हणजे तिकडे दाखवण्याच्या कार्यक्रमात नवरा मुलगाच पाटावर बसतो! मादीचे पाय साधे. एकटी मादी सापडली की पंडितही डोके खाजवतात.

बहुतेक जाती एकेका बेटापुरत्याच. ते रान गेले की जात गेली.

ओआहू बेटावरच्या एका माशीचे पंख आखडून निकामी झाले होते. ग्रिमशॉ यांनी १९०२ साली तिला ‘मिराबिलिस’, म्हणजे नवलाची, असे नाव दिले. हवाईत मूळची मुंगी नाही. माणसाबरोबर ती आली आणि पाचोळ्यात शिरली. जिला उडता येत नाही, तिने पळावे कुठे? पुढे शोधणाऱ्यांना ही नवलाची माशी मिळाली नाही.